मुंजीची एफडी

बँकेचा सर्व्हर डाउन होता, म्हणून गजाननराव नाइलाजाने तिसऱ्या मजल्यावर आले.

पलासिया भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये खाली बँक होती आणि वर थेरपी सेंटर. बँकेत त्यांनी नातवाच्या मुंजीसाठी एफडी ठेवली होती. ती मोडून संध्याकाळी मॅरेज गार्डनवाल्याला आगाऊ बयाणा द्यायचा होता. नातू, सात वर्षांचा हृषीकेश, वर आईबरोबर आला होता. त्याच्या बोटांत जोर नव्हता. शर्टाचं बटण लागत नसे, पेन्सिल घसरे, घास तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सांडे. ऑक्युपेशनल थेरपीने गाडी जरा हलायला लागली होती, पण त्यांच्या मुलाचा, नीरजचा, पीथमपूरच्या कारखान्यातला पगार घराच्या हप्त्यातच संपायचा. सून अमिता मुलांच्या ट्यूशन घेऊन इतके दिवस फी भरत आली होती. आता तेही जमेना. आजचं सेशन शेवटचं होतं.

एफडीबद्दल तिने सासऱ्यांना एकदा विचारलं होतं. "मुंज आठव्या वर्षी करतात, अमिता," एवढंच ते म्हणाले होते. विषय तिथेच मिटला.

गजाननराव माणूस वाईट नव्हते. त्यांची स्वतःची मुंज मिलच्या चाळीत, चुलतभावाच्या मांडवात उरकून घेतली होती. आलेले अहेरही चुलतभावालाच मिळाले. आपल्या नातवाची मुंज थाटात करायची, हे त्यांनी तो पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. त्या दिवसापासून ते मनातल्या मनात पंगती वाढत होते.

खोलीत एक जाड दोरांचा झोका होता. हृषीकेश त्यावर पोटावर पडून खालचे ठोकळे उचलत होता. मग तो कणकेचा गोळा दाबत बसला.

"झोका आणि कणीक," गजाननराव सुनेच्या कानाशी म्हणाले. "ह्याची फीस घेतात? घरी काय पीठ नाही का आपल्याकडे?"

अमिताचं लक्ष हृषीकेशच्या हातांवर होतं. ती एकेक गोष्ट डोळ्यांत साठवत होती. उद्यापासून हे सगळं तिलाच करायचं होतं, आणि आपल्याला ते येणार नाही हे तिला ठाऊक होतं.

कणीक झाल्यावर संहिताने, म्हणजे थेरपिस्टने, घरून आणलेल्या पोह्यांचा डबा उघडला. हृषीकेशच्या हातात तिने जाड दांड्याचा चमचा दिला. पोहे टेबलावर सांडले, शर्टावर सांडले, शेव लादीवर पसरली. गजाननरावांच्या घरात ताटाबाहेर एक शीत पडलेलं चालत नसे. त्यांना बघवेना.

"अमिता, भरव ना त्याला. किती खराब होतंय."

अमिताचा हात सवयीने पुढे झाला. हृषीकेशनेही सवयीने चमचा खाली ठेवला आणि आ केला.

"ताई, एक मिनिट," संहिता म्हणाली. अमिताचा हात तसाच थांबला. "आज शेवटचं सेशन आहे, म्हणून विचारते. वर्षभरात ह्याला कोणती एक गोष्ट आलीच पाहिजे?"

"लिहिणं," अमिता म्हणाली. "स्कूलवाले रोज टोकतात."

"आणि आजोबा, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय, ह्याची मुंज करायची आहे. तिथे नीट बसला म्हणजे झालं."

"मुंजीत मुलाला काय काय करावं लागतं? मी कधी पाहिली नाहीये."

गजाननराव एकदम खुलले. या विषयावर त्यांना कोणी विचारायचीच खोटी असे. खुर्ची पुढे ओढून ते सांगू लागले. "आधी मातृभोजन. ते सगळ्यात बघण्यासारखं असतं. आई आणि मुलगा एका ताटात जेवतात. आई त्याला घास भरवते, तो शेवटचा. बायका रडतात तेव्हा. कारण त्याच्यानंतर मुलगा आईच्या हातून खात नाही. त्याच्यानंतर तो आपल्या हाताने..."



हृषीकेश अजून आ करून बसला होता. गजाननरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पोह्यांकडे. त्यांना फार वाईट वाटलं. जेवताना या पोराने ताटाकडे हात नेला की आपणच म्हणायचो, राहू दे, सांडशील. चार शितं वाचवायला आपण त्याचा हातच अडवून ठेवला.

ते उठून नातवाशेजारच्या बुटक्या खुर्चीवर जाऊन बसले. गुडघे छातीशी आले. त्यांनी चमचा उचलून त्याच्या मुठीत दिला.

"खा, हृषी. सांडू दे."

हृषीकेशने आधी आईकडे पाहिलं. आजोबा असं म्हणतात यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. मग त्याने चमचा पोह्यांत खुपसला. हात थरथरत वर आला. अर्धे पोहे आजोबांच्या पँटवर पडले. उरलेले तोंडात गेले. तो चावत चावत हसला, आणि लगेच दुसरा चमचा भरायला लागला.

"अमिता, ह्याची सोमवारची वेळ घेऊन ठेव," गजाननराव म्हणाले. ते खुर्चीवरून उठले. "मी खाली जाऊन येतो."

खाली सर्व्हर चालू झाला होता. काउंटरवर शाम होता, त्यांच्याच गल्लीतला.

"काका, टाइमच्या आधी तोडताय. ब्याज कटेल. असं काय काम निघालं?"

"नातवाची मुंज."

"अरे वा. मुहूर्त कधीचा आहे?"

गजाननरावांच्या पँटला अजून शेव चिकटलेली होती. ती त्यांनी झटकली नाही.

"सुरू झाली, भिया," ते म्हणाले. "वरती, तिसऱ्या मजल्यावर."