पाचवीच्या आधीची

“बाईचं उत्तर लिहायचं, बाईची कहाणी नाही,” मुरबाडच्या कॉलेजात बालमृत्यूंच्या पाहणीचे फॉर्म वाटताना गोजर सरांनी बजावलं होतं. “संशोधन म्हणजे रकाना. रकान्याबाहेर काही नसतं.”

आज ते स्वतःच टोकावड्याच्या वरच्या पाड्यावर तपासणीला आले होते. दहातला एक फॉर्म पुन्हा त्याच घरी जाऊन विचारायचा, अशी त्यांची रीत. निघाला तो नेमका लहानीच्या घरचा, त्यांच्या वर्गातल्या भूमिकाने भरलेला. लहानी दारात वरई पाखडत होती. सर खाटेवर टेकले.

“ताई, मुलं किती झाली?”

लहानीने एकदा भूमिकाकडे पाहिलं, मग सुपात. “दोन.”

“एखादं गेलेलं?”

“नाय.”

सरांनी फॉर्म भूमिकाच्या नाकासमोर धरला. “झालेली चार, दगावलेली दोन. हे कुठून आणलंस? घरी बसून भरलास?”

भूमिकाची कानशिलं तापली. तीन दिवस ती या बाईबरोबर ओढ्यावर गेली, तिच्यासोबत मोळ्या वाहिल्या, तेव्हा कुठे लहानीचं तोंड उघडलं होतं. पाचवी पुजायच्या आधी गेलेलं लेकरू या पाड्यात मोजत नाहीत. सटवी कपाळावर काही लिहायच्या आत जे गेलं, ते आलंच नव्हतं असं धरायचं. त्याचा शब्द काढला तर राहिलेल्यांना बाधतं. आणि परक्या पुरुषासमोर तर नावच नको.

“सर, तीन दिवस ओढ्यावर गेले, हिच्यासोबत मोळ्या वाहिल्या, तेव्हा ही बोलली. असं खाटेवर बसून विचारलंत तर अख्खा पाडा ‘नाय’च म्हणेल.”

“मग अख्ख्या पाड्याचं शून्य. चांगलंच आहे की! आपला अभ्यास संख्यात्मक आहे, भूमिका. मोळ्या वाहत गप्पाच ऐकायच्या होत्या तर गुणात्मक घ्यायचं होतंस. ओढ्यावर एक बाई काही बोलली, त्याला डेटा म्हणत नाहीत.”

“आणि तुमच्यासमोर ती तोंड मिटून घेते, त्याला म्हणतात?”

सरांच्या हातातला लाल पेन थांबला. ही पोरगी वर्गात हजेरीलाही हळू ‘ओ’ द्यायची.

“या शून्यावरच उद्या ठरेल की इथे नर्स नको,” भूमिकाचा आवाज आता शेजारच्या घरापर्यंत जात होता. “हिची दोन लेकरं गेली, सर. आणि तुमचा रकाना तेवढा स्वच्छ!”

लहानीचं सूप थांबलं. भूमिकाने जीभ चावली, पण शब्द गेला होता.

“एवढा पुळका असेल तर समाजसेवा कर, संशोधन नको.” सरांनी फॉर्मवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली. “बाद. मी गाडीत आहे. पाच मिनिटांत ये, नाहीतर एसटीने ये.”

ते उतारावरून दिसेनासे झाले. भूमिका लहानीसमोर खाली बसली. “लहानीताई, चुकलं माझं. मी बोलायला नको होतं.”

“चुकलंच.” लहानीने पदराने डोळे नाही, कपाळ पुसलं. ती वरईतले खडे टिपू लागली. “पन आता बोललीस ना गो. माझ्या एकलीचं खोटंच पडल. रुपाकडं जा. मीनाच्या सासूकडं जा. पंचवीस घरां हायती, समद्यांचा आकडा आन. त्याला लाल करता येल का बघू.”

“आणते.”

“कागद नाय काढायचा. नाव नाय लिवायचं कोनाचं. कबूल कर.”

“कबूल.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा, लांबलचक. भूमिकाने फॉर्मांची पिशवी लहानीच्या खुंटीला अडकवली आणि रिकाम्या हातांनी पलीकडच्या अंगणात गेली. तिथे रुपा नाचणी निवडत बसली होती. भूमिका तिच्यासमोर मांडी घालून बसली, काहीएक न विचारता मूठभर नाचणी आपल्या पुढ्यात ओढली आणि खडे वेचू लागली.