वहीतलं सातवं स्टिकर

तुळशीरामच्या लेकीचं, डिंपलचं, लग्न झालं ते २०२४ च्या माघात. त्याच वर्षी चैत्रात धाड गावी त्याच्या डॉग फार्मची सरकारी तपासणी आली.

डॉक्टर प्राचीमॅडमनी पिंजरे पाहिले, पाण्याची भांडी हुंगली आणि वही उघडली. एका वेताची सात पिल्लं, प्रत्येकापुढे रेबीजच्या लशीच्या बाटलीचं स्टिकर.

तुळशीरामला ठाऊक होतं : लशी सहाच टोचल्या होत्या. सातवं स्टिकर लेकाने, शेखरने, जुन्या बाटलीचं काढून लावलं होतं. कोणतं पिल्लू राहिलं, ते तुळशीरामने विचारलं नव्हतं. असेल एखाद्या लांबच्या गिऱ्हाइकाचं.

"काका, एखादं राहिलं असेल तर सांगा. लस सोबत आहे. मी लिहिणार नाही."

बाई गळ टाकून राह्यली, तो मनात म्हणाला. "नाही मॅडम. सातही झाले."

"सगळी विकली?"

"सहा इकली. एक लेकीले देल्लं, लग्नात."

तेवढ्यात सासरहून, वरवट बकालहून, डिंपलचाच फोन आला.

"बाबा, पिल्लू कालपासून सुस्त हाय. आज माह्या हाताले चावलं. सुई घेऊ काय?"

"चावलं? तुले?"

मॅडमचं पेन थांबलं. "तिला आजच दवाखान्यात जाऊन सुई घ्यायला सांगा."

तुळशीराम सावध झाला. हो म्हटलं, तर आपलं स्टिकर आपणच खोटं ठरवलं. मग परवाना गेला.

"सुई काऊन वं?" तो फोनमध्ये मोठ्याने म्हणाला. "लसवालं पिल्लू हाय. हळद लाव अन् कामाले लाग."

"हाव, बाबा."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि सही केली.

चार दिवसांनी ते पिल्लू मेलं. ऊन बाधलं, असं डिंपलने कळवलं.

मेअखेर परवाना आला. रविवारी शेखर तो भिंतीवर लावत होता. सकाळीच जावयाचा फोन येऊन गेला होता : डिंपलला ताप आहे, पाणी गिळवत नाही. तिलाही ऊनच बाधलं असावं.

तुळशीरामने तपासणीच्या दिवशीची फोनची गोष्ट लेकाला आज पहिल्यांदा, हसत हसत सांगितली. "मॅडमच्या नाकावर टिच्चून बोललो बे!"

शेखरची हातोडी थांबली.

"बाबा, इकायच्या सहाईले टोचली मी. ताईचंच राह्यलं होतं. म्हटलं, घरच्याचा कागद कोण पाहते?"

डिंपल मंगळवारी, २८ मे २०२४ ला, वारली.