धोक्याची पाहणी

तलावांच्या अभ्यासासाठी जर्मनीच्या एका विद्यापीठाने अर्जुनी मोरगावच्या कॉलेजातून एका विद्यार्थ्याला बोलावलं आणि निवड झाली केशोरीच्या नीतूची. तिकडून एवढंच विचारलं होतं, की मुलीची जबाबदारी तुमच्याकडून कोण घेणार? झालं! प्राचार्यांनी बैठक बोलावली. थंडी, खाणंपिणं, एकटी पोरगी, सगळ्या धोक्यांची चर्चा चहा-समोशावर मस्त रंगली. जबाबदारीचा विषय निघाला तसे सगळे खिडकीबाहेर पाहू लागले.

शेवटी संस्थेचे अध्यक्ष खुशालभाऊ उठले. "माह्या आज्यानं तलाव बांधला, तवा नव्या पाळीवरून पहिले तोच चालला. पाळ खचली तर मी जाईन, म्हणे, गाव नाही. मंग पोरीले कायले धोक्यात टाकता? पहिले मीच जाऊन पाहतो."

टाळ्या पडल्या. बैठकीला मुद्दाम बोलावलेल्या नीतूच्या बाबांचे तर डोळे भरून आले.

खुशालभाऊ संस्थेच्या खर्चाने गेले. एवढा धोका एकट्याने कसा पत्करायचा, म्हणून वहिनी आणि जावईही सोबत गेले.

सुखरूप परतले म्हणून कॉलेजात सत्कार ठेवला आणि ओवाळायला उभं केलं नीतूलाच. तिने ताट हातात धरूनच विचारलं, "मंग भाऊ, मी कवा जाऊ?"

 

टिळ्यासाठी कपाळ पुढे करत खुशालभाऊ म्हणाले, "बहुत धोका आहे पोरी तिकडं. पुढच्या वर्षी साळ्याले पाठवून अजून एकदा पाहतो."