कडी वाजवल्यावर

“किती घासशील हात? कातडी जाईल निघून,” सासूबाई म्हणाल्या.

सून नळापाशी कोपरापर्यंत साबण लावत होती. “दिवसभर लसी टोचायच्या म्हणजे...” म्हणत तिने मान खाली घातली.

लसी कुठल्या? बाजारामागच्या बदनाम गल्लीत तिचं काम होतं. गुप्तरोगांच्या अभ्यासासाठी धंद्यातल्या बायकांना प्रश्न विचारायचे, रक्त तपासायला राजी करायचं. शिवल्याने रोग लागत नाही, हे ती बंद दारांना समजावून सांगायची; आणि घरी येऊन हात घासल्याशिवाय बाळाला उचलायची नाही. स्वतःचीच लाज वाटे तिला.

पण सांगणार कसं? सासूबाई बाळाला बघायच्या म्हणून तर नोकरी होती. आणि बस त्या गल्लीवरून गेली, की त्या चक्क तोंड फिरवून बसत.

तसं तिच्याशी तरी त्यांचं कुठं धड होतं? सकाळी चहा आणत, खोलीची कडी वाजवत आणि दार उघडेपर्यंत पाठ करून उभ्या राहत. हिचं तोंड बघायला नको, असंच जणू. लग्न झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. तिने नवऱ्याकडे रडगाणं गायलं, तर तो हसला. “आई अशीच आहे. मनाला लावून घेऊ नकोस.”

गल्लीत मात्र दारच उघडत नव्हतं. कडी वाजली की आतली कुजबुज बंद. “या महिन्यात रक्ताचे नमुने मिळाले नाहीत, तर दुसरं काम बघा,” अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी सरळ सांगून टाकलं होतं.

त्या दुपारी शेवटच्या दाराशी तिला रडूच फुटलं. कडी तर वाजवून झाली होती. फटीतून कुणी बघेल म्हणून तिने झटकन दाराकडे पाठ केली आणि डोळे पुसले.

मागे दार उघडलं.

“अगं बाई, तू होय! मला वाटलं, आमच्यातलीच कुणी आली.” दारातली म्हातारी केस बांधता बांधता तिला न्याहाळत होती. “ये आत. घे रक्त. पण एक सांग, तू इथं कुणाकडे वाढलीस?”

“मी? छे हो, मावशी! मी चांगल्या घरची...” जीभ चावली तिने.

“असू दे गं, ऐकायची सवय आहे.” म्हातारी हसली. “गिऱ्हाईक दाराकडे डोळे लावून उभं राहतं. आम्ही एकमेकींकडे गेलो, की कडी वाजवून पाठ करतो. आतलीला अंग सावरायला सवड मिळते. ही फक्त इथली रीत. इथं राहिल्याशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. तुला कुणी शिकवली?”

सुनेचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथंच राहिला.

“सासूबाईंनी,” ती म्हणाली.