राखेनं घासलेली बाटली

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना हगवण लागली, तेव्हा सरकारी दवाखान्यातलं औषध पिऊन मनुबाईचे डोळे गेले. दोन वर्षांनी दिवेलागणीला सांगलीहून साहेब आले. “मावशी, सरकार भरपाई देतंय. ती औषधाची बाटली तेवढी दाखवा.” मनुबाई हरखली. “हाय की! काचेची बाटली कुनी टाकतं व्हय?” भिंत धरून कोनाड्याशी गेली. डोळे गेल्यावर सून तिला कशालाच हात लावू देईना, तेव्हा हट्टानं तिनं ती बाटली राखेनं घासली होती, बोटांना नुसती काच लागेपर्यंत. मग लेकानं झाकणाला भोक पाडून, वात घालून तिची चिमणी केली होती. तीच पेटती चिमणी मनुबाईनं साहेबांपुढं धरली. साहेबांचा आवाज उतरला. “हिच्यावर औषधाच्या नावाचा कागद होता. तोच पुरावा.” “आसंल वाईच कुठंतरी,” म्हणत ती बाटली चाचपू लागली. बोटं ज्योतीवर पोळली. काच सगळीकडं गुळगुळीतच होती.