अनोळखी टकटक

स्वप्नालीच्या फोनवर रोज सकाळी आठला टकटक व्हायची. कुणा अनोळखी माणसाची गोळी पोटात विरघळली की तिचा फोन वाजायचा, आणि तिची विरघळली की त्याचा. गोळीतली इवलीशी चिप ॲपला तसं कळवायची, आणि ही जोडीही ॲपनंच लावून दिलेली. नाव नाही, गाव नाही. तिच्या नवऱ्याला, बालाजीला, एचआयव्ही होता. तो आपली औषधं घ्यायचा, आणि लागण होऊ नये म्हणून ती ही गोळी घ्यायची.

मूल व्हावं म्हणून तिनं आज पहिलीच संकष्टी धरली होती, आणि उपास मोडायला नको म्हणून गोळी डब्यातच ठेवली.

गेले दोन आठवडे टकटक पहाटे साडेचारलाच येत होती. आज ती दिवस मावळल्यावर पुन्हा सुरू झाली. समोरच्याची गोळी चुकली, तर जोडीदाराला फोनवर बोटानं टकटक करता येई.

"काय पिच्छा पुरवलाय मेल्यानं!" ती वैतागली.

बालाजी हसला. "अगं, रमजान चालू आहे. रोजा सुरू व्हायच्या आधी, पहाटे सहरी खाताना गोळी घेत असेल तो. आता रोजा सोडून तुझ्या काळजीत बसलाय."

स्वप्नालीनं गोळ्यांचा डबा पुढे ओढला. इतके रोजे धरूनही त्यानं एक गोळी चुकवली नव्हती.

चंद्र दिसायची वाट न बघता तिनं पाण्याबरोबर गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं पहाटे चारचा गजर लावला. साडेचारला तिकडून टकटक आली, तोवर तिची पोचलीही होती. मग तिकडून बोटानं वाजवलेली टकटक आली, आणि थांबेचना.

स्वप्नालीनं फोन दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला.