वाळूवरची तालीम

मेहकरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेची सहल मारवाडात, वाळूच्या टेकड्या पाहायला जायची होती. तिथं कुणी वाट चुकू नये म्हणून उकंडराव गुरुजींनी शाळेच्या अंगणात गाडीभर वाळू पसरली आणि अकरा पोरांना बूट घालून एकामागे एक चालायला लावलं.

दयारामची सुजाता कुंपणाच्या भिंतीवर बसून पाहत होती. तिच्यासोबत एका छागलीतलं पाणी आमची लेकरं पिणार नाहीत, असं चार बापांनी बजावल्यावर गुरुजींनी तिचं नाव खोडलं होतं.

"गुरुजी, मले काऊन नेत नाही?"

"तू लहान आहेस, पोरी." गुरुजींना तिच्याकडे पाहवेना.

"लहान?" रांगेतला अर्जुन हसला. "थे तं माह्याहून दोन वर्सांनं मोठी हाय!"

गुरुजींची मान खाली गेली. बुटांच्या ठशांपासून वेगळं, एक अनवाणी पाऊल वाळूत उमटलं होतं. बोटं त्यांच्याकडे होती.

"बूट कोणी काढले बे?"

"कोणीच नाही, गुरुजी."

सुजाता भिंतीवरच होती.

"यादी भरली होती," गुरुजी पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांदेखत वाळू दबली. दुसरं पाऊल, आणखी जवळ.

"तुझ्या बापानंच नको म्हटलं."

तिसरं पाऊल त्यांच्या चपलेशी येऊन थांबलं. अंगठ्याला काहीतरी गार टेकलं.

"मंग खरं काय हाय, गुरुजी?" सुजातानं विचारलं.

आवाज भिंतीकडून आला नाही. तो अगदी समोरून, त्यांच्या छातीच्या उंचीवरून आला.